‘कामगाराचा निष्काळजीपणा’

अपघाताच्या अहवालात ‘अपघाताचे कारण’ असा एक रकाना असतो. सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तो रकाना बहुतेक वेळा दोनच शब्दांत भरत असे: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. रकाना लहान असल्याने हे शब्द त्यात नेमके बसत, त्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे आणि वरिष्ठांची सही होऊन फाइल बंद होई. त्या अहवालांपैकी एक अहवाल मला आजही अस्वस्थ करतो. तो चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजायला मला कायद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला.

पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या डाव्या हाताची दोन बोटे डायमध्ये (साच्यात) सापडून गेली. त्या प्रेसला दोन बटणे होती आणि दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येऊ नये, अशी तिची रचना होती. दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायमध्ये असू शकत नाहीत, इतका साधा विचार त्यामागे आहे. अपघातानंतर आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा डावे बटण चिकटपट्टी गुंडाळून कायमचे दाबून ठेवलेले आढळले. म्हणजे प्रेस एका हाताने चालत होती आणि दुसरा हात पत्रा सरकवत होता. कारण डोळ्यांसमोर होते, आणि मी ते नेहमीच्या दोन शब्दांत लिहून टाकले.

काही दिवसांनी त्याच खात्यात दुसऱ्या कामासाठी उभा असताना माझे लक्ष उत्पादनाच्या फळ्याकडे गेले. मी घड्याळ लावून मोजले. दोन्ही बटणे नियमाप्रमाणे वापरली तर एका नगाला सुमारे बारा सेकंद लागत होते. म्हणजे आठ तास क्षणभरही न थांबता काम केले तरी २,४०० नग निघाले असते. फळ्यावर पाळीचे लक्ष्य ३,००० नगांचे होते. मग मी रांगेतल्या इतर प्रेस पाहिल्या. त्यांपैकी चार प्रेसवर तशीच चिकटपट्टी होती, आणि ती गुंडाळी खात्याच्या स्टोअरमधूनच दिली जात होती. बटण सतत दाबलेले राहिले तर प्रेस चालूच होणार नाही, अशी जोडणी फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. आमच्या जुन्या प्रेसवर ती कोणी बसवली नव्हती. तो कामगार निष्काळजी होता की त्याला दिलेले काम दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने पूर्ण होणे शक्यच नव्हते, हा प्रश्न मी अहवाल लिहिण्यापूर्वी विचारायला हवा होता.

हा प्रश्न न्यायालयांपुढेही फार उशिरा आला. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्याचा निकाल लागला. खाटकाकडे नोकरीला असलेल्या एका मुलाला मालाने प्रमाणाबाहेर भरलेल्या गाडीबरोबर पाठवले गेले, गाडी मोडली आणि मुलाच्या मांडीचे हाड मोडले. ज्युरीने त्याला १०० पौंडांची भरपाई दिली होती; वरच्या न्यायालयाने ती नाकारली. न्यायमूर्ती लॉर्ड ॲबिंजर यांनी दिलेल्या कारणांपैकी एक कारण मला आजच्या काळातही फार महत्त्वाचे वाटते. ज्या कामात इजा होण्याची रास्त भीती वाटते ते काम नाकारण्याची नोकराला मुभा आहे, आणि धोक्याची कल्पना त्याला मालकाइतकीच असण्याचा संभव असतो, असे त्यांनी म्हटले. म्हणजे धोकादायक काम नाकारण्याच्या हक्काचा उल्लेख तेव्हाच झाला होता, पण तो कामगाराला वाचवण्यासाठी नव्हता. ‘तू नाही म्हणू शकत होतास, म्हटले नाहीस, तेव्हा आता भरपाई मागू नकोस’, असा त्याचा उपयोग केला गेला. नाही म्हटल्यावर त्या मुलाची नोकरी राहिली असती का, हे त्या निकालाने विचारले नाही.

पुढे पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने हाच धागा धरला. रेल्वेच्या सांधेवाल्याने रूळ चुकीच्या बाजूला ठेवल्यामुळे गाडी घसरली आणि इंजिन चालवणाऱ्याचा हात गेला. सहकाऱ्याच्या चुकीबद्दल रेल्वे कंपनी जबाबदार नाही, आणि कामातला धोका मजुरीच्या दरात आधीच धरलेला असतो, असे न्यायालयाने ठरवले. या विचारातून कामगारापुढे तीन भिंती उभ्या राहिल्या. धोका तुला माहीत होता आणि तू तो पत्करलास, ही पहिली. चूक तुझ्या सोबत्याची होती, ही दुसरी. आणि तुझा स्वतःचाही थोडा दोष होता, ही तिसरी. यांपैकी एक भिंत जरी आडवी आली तरी जखमी माणूस रिकाम्या हाताने परतत असे. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे माझे दोन शब्द त्या तिसऱ्या भिंतीचे अवशेष आहेत, हे कळल्यावर मला स्वतःच्या सह्यांची लाज वाटली.

या भिंती तत्त्वचर्चेने पडल्या नाहीत. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला, ब्रिटनने १८९७ मध्ये कामगार भरपाई कायदा केला आणि भारतात तो १९२३ मध्ये आला. या कायद्यांनी दोष कोणाचा हा प्रश्न भरपाईपुरता बाजूला ठेवला आणि इजा कामामुळे व काम करताना झाली का, एवढेच विचारले. भारतातील १९२३ च्या कायद्याची (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) रचना प्रत्येक कामगाराने समजून घ्यावी अशी होती, कारण तिच्याविषयीचे गैरसमज मी कार्यालयांत आणि कामगारांच्या घरी सारखेच ऐकले आहेत. त्या कायद्याप्रमाणे साध्या निष्काळजीपणामुळे भरपाई बुडत नसे. ती नाकारता येत असे ती केवळ ठरावीक कारणांनी: कामगार नशेत असणे, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडणे, किंवा सुरक्षेचे साधन त्याने जाणूनबुजून काढणे अथवा दुर्लक्षिणे, आणि इजा थेट त्यामुळे होणे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही कारणेही मालकाला पुढे करता येत नसत. त्यामुळे अहवालात कोणता शब्द लिहिला जातो याला फार मोल असते. ‘निष्काळजीपणे’ आणि ‘जाणूनबुजून’ यांत एका कुटुंबाचा हक्क अडकलेला असतो, आणि अहवाल लिहिणारा माणूस बहुधा मालकाच्या पगारावर असतो.

भरपाई अपघातानंतरची गोष्ट झाली. यंत्राला गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, असावा हा नियम त्याहून जुना आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये प्रथमच सरकारी कारखाना निरीक्षक नेमले, ते सगळे मिळून चार होते, आणि १८४४ च्या कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती आली. पण कुंपण किती भक्कम असावे, आणि बेसावध माणसासाठीही ते असावे का, यावर पुढे शंभर वर्षे वाद होत राहिले. १९५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर आलेल्या समर्स विरुद्ध फ्रॉस्ट या खटल्यात कामगाराचा अंगठा धातू घासणाऱ्या (ग्राइंडिंगच्या) चाकाला लागून जखमी झाला होता. चाक पूर्ण झाकले तर त्यावर काम करणेच अशक्य होईल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. सुरक्षित कुंपणाचे कर्तव्य निरपवाद आहे. ते पाळल्याने यंत्र वापरता येत नसेल तर तो प्रश्न कायदे करणाऱ्यांचा आहे, कामगाराच्या अंगठ्याने त्याची किंमत मोजायची नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. माणूस थकतो, त्याचे लक्ष विचलित होते, त्याचा हात सवयीने पुढे जातो, हे गृहीत धरूनच गार्ड बनवायचा असतो, हा विचार त्या निकालाने पक्का केला. ज्या गार्डला कामगाराने सदैव सावध राहण्याची गरज असते, तो गार्ड आपले काम करत नसतो. भारतात नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातही यंत्राचे धोकादायक भाग भक्कमपणे झाकलेले असावेत आणि यंत्र चालू असेपर्यंत ते आवरण जागेवर राहावे, अशी जबाबदारी टाकलेली होती. त्याच अधिनियमाने सुरक्षा साधनांत जाणूनबुजून ढवळाढवळ न करण्याचे कर्तव्य कामगारावरही ठेवले होते, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे. माझे म्हणणे कामगाराची चूक कधीच नसते असे नाही. ती चूक शेवटची कडी असते, आणि चौकशी त्या कडीपाशी थांबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौकशी तेथे का थांबते याचे एक कारण आमच्या व्यवसायाच्या शिकवणीतही आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडले की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि उरलेले २ टक्के अटळ असतात. हे आकडे पुढे जगभरच्या सुरक्षा प्रशिक्षणांत घोकले गेले. मीही ते परीक्षेसाठी पाठ केले होते. हे आकडे विम्याच्या बंद झालेल्या दाव्यांच्या फाइलींतून आणि कारखानदारांनी ठेवलेल्या नोंदींतून काढलेले होते. त्या नोंदी भरणारे लोक माझ्यासारखेच होते, आणि त्यांच्यासमोरही असाच एक लहान रकाना असणार. आपण कारण म्हणून जे लिहितो तेच पुढे आकडेवारी होते, आणि त्या आकडेवारीच्या आधारे पुढच्या पिढीला तेच कारण लिहायला शिकवले जाते.

भोपाळमध्येही हेच झाले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेल्या अवस्थेत नव्हता, आणि खर्चकपातीत कामगारांची संख्या व देखभाल दोन्ही कमी झाली होती. तरीही युनियन कार्बाइडने पुढे असा दावा केला की एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. हा दावा क्षणभर खरा धरला तरी मूळ प्रश्न उरतोच: एका माणसाच्या एका कृतीने शहर मरू शकेल अशा अवस्थेत तो कारखाना कोणी ठेवला होता? त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भारताने कारखाना अधिनियमात मोठी दुरुस्ती केली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेणे आले, आणि जिवाला किंवा आरोग्याला नजीकचा धोका असल्याची रास्त शंका असेल तर ती भोगवटादाराच्या (कारखाना ताब्यात असणाऱ्याच्या), व्यवस्थापकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारांना मिळाला. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हा हक्क आला आहे. मात्र शब्द नीट वाचावेत: हा धोका कळवण्याचा हक्क आहे. कळवल्यानंतर निर्णय येईपर्यंत त्या यंत्रापासून दूर उभे राहण्याचा हक्क तितक्या स्वच्छ शब्दांत त्यात लिहिलेला नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

कारण धोका कळवणे आणि काम नाकारणे यांमधल्या काळातच माणसे मरतात. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये निकाली निघालेल्या व्हर्लपूल विरुद्ध मार्शल या खटल्यात आहे. ओहायो राज्यातील त्या कारखान्यात माथ्यावरून सरकपट्ट्यांवर सुटे भाग फिरत असत आणि ते खाली काम करणाऱ्यांवर पडू नयेत म्हणून जमिनीपासून सुमारे २० फूट उंचीवर तारेची जाळी लावलेली होती. जाळीत पडलेले भाग उचलण्यासाठी देखभाल कामगारांना तिच्यावर पाय ठेवावा लागे. जाळीतून माणसे पूर्वीही खाली आली होती, आणि २८ जून १९७४ रोजी एक कामगार तिच्यातून पडून मरण पावला. दोन कामगारांनी वरिष्ठांकडे तक्रार केली, सरकारी सुरक्षा कार्यालयाचा संपर्क मागितला आणि त्या कार्यालयाशी बोलणेही केले. दुसऱ्या दिवशी, १० जुलै रोजी, त्यांना जुन्या जाळीच्या भागावर काम करण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. त्यांना उरलेल्या सहा तासांच्या पगाराविना घरी पाठवले गेले आणि लेखी ताकीद त्यांच्या नोंदीत घातली गेली. मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याची रास्त भीती असेल, आणि निरीक्षक येईपर्यंत थांबायला वेळ नसेल, तर सद्भावनेने काम नाकारणाऱ्या कामगारावर सूड उगवता येणार नाही, हा कामगार खात्याचा नियम वैध असल्याचे न्यायालयाने एकमताने ठरवले.

१८३७ आणि १९८० या दोन निकालांतले अंतर मला येथे दिसते. नाही म्हणण्याची मुभा दोन्हींत आहे. फरक एवढाच की दुसऱ्या निकालात नाही म्हटल्यानंतरच्या दिवसाचाही विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातही नेमका हाच विचार आहे: नजीकच्या व गंभीर धोक्याची रास्त खात्री वाटल्यामुळे जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला अनुचित परिणामांपासून संरक्षण मिळाले पाहिजे. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, हेही तोच करार सांगतो. हेल्मेटचे पैसे पगारातून कापणाऱ्यांनी ते वाचावे. जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाच्या जागेला या संघटनेने कामाच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत स्थान दिले. त्यामुळे सदस्य देशाने हा करार स्वीकारलेला नसला तरी त्यामागील तत्त्वाचा आदर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

हक्क कागदावर असून चालत नाही, हे ढाक्याजवळच्या राणा प्लाझाने दाखवले. २३ एप्रिल २०१३ रोजी त्या इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी परत बोलावले गेले. न येणाऱ्यांना पगार बुडण्याची धमकी होती. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. तडे बँकेच्या कर्मचाऱ्यांनाही दिसले होते आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनाही दिसले होते. धोक्याचे ज्ञान दोघांना सारखेच होते, पण त्यातल्या एकाच गटाला घरी राहणे परवडत होते. त्यानंतर महिन्याभरात झालेल्या अग्नी व इमारत सुरक्षेच्या बंधनकारक करारात असुरक्षित इमारतीत जाण्यास नकार देण्याचा हक्क वेगळा लिहावा लागला, याचे कारण हेच आहे.

आजारांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे कामामुळे दर वर्षी जगभर मरणाऱ्या सुमारे ३० लाख माणसांपैकी अपघातांत मरणारी सुमारे ३ लाख ३० हजार आहेत. बाकीची आजारांनी जातात. सिलिकाची धूळ किंवा ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात साठायला वर्षे लागतात, तोवर नोकरी सुटलेली असते आणि अहवालाचा नमुना कोणी काढतही नाही.

त्या प्रेसच्या अहवालाचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी पुरवणी अहवाल लिहायला बसलो आणि जोडण्यासाठी सुरक्षा समितीच्या बैठकांची वही मागवली. अपघाताच्या पाच महिने आधीच्या बैठकीत एका कामगार प्रतिनिधीने सांगितलेले तिच्यात नोंदलेले होते: दोन्ही बटणे वापरून लक्ष्य पूर्ण होत नाही, तरी लक्ष्याचा विचार व्हावा. त्यापुढे ‘नोंद घेतली’ असे लिहिलेले होते, आणि खाली उपस्थितांच्या सह्यांत माझीही सही होती. पुरवणी अहवालात मी वहीतल्या त्या पानाची प्रत, घड्याळ लावून केलेली मोजणी आणि पाचही प्रेसची छायाचित्रे जोडली. कारणाच्या रकान्यात जागा पुरली नाही, म्हणून वेगळा कागद लावला. वरिष्ठांनी तो परत पाठवला, मी पुन्हा पाठवला, आणि तिसऱ्या वेळी तो स्वीकारला गेला. जखमी कामगाराच्या भरपाईला ‘जाणूनबुजून’ या शब्दाची आडकाठी आली नाही. प्रेसवर दाबून धरलेले बटण ओळखणारी जोडणी बसवली गेली, पाळीचे लक्ष्य २,१०० नगांवर आले, आणि अहवालाच्या नमुन्यात मी एक नवा रकाना घालून घेतला: ‘या धोक्याविषयी यापूर्वी कोणी सांगितले होते का, आणि सांगणाऱ्याचे पुढे काय झाले?’